वेगवान आयनीभूत वायू येतो कुठून? प्रकल्प नोंदी, ऑगस्ट २०२४ ते मार्च २०२५

१२ ऑगस्ट २०२४

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला: आकाशगंगेभोवतीच्या वेगवान आयनीभूत (अणूंनी इलेक्ट्रॉन गमावलेल्या) वायूचा उगम. मी आणि मृणाल मिळून करणार, मॅडम मार्गदर्शक. नवी निरीक्षणे नाहीत. वर्णपट हबल दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातून घ्यायचे, हायड्रोजनचे नकाशे रेडिओ सर्वेक्षणांतून.

विषय थोडक्यात असा. आकाशगंगेच्या तबकडीच्या वर आणि खाली असा बराच वायू आहे, जो तबकडीबरोबर फिरत नाही. आपल्या आसपासच्या ताऱ्यांच्या सरासरी गतीच्या मानाने तो सेकंदाला ९० किमीहून जास्त, कधी ३०० किमीच्याही पुढे, अशा वेगाने आपल्याकडे येतो किंवा दूर जातो. १९६३ मध्ये नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या २५ मीटर रेडिओ दुर्बिणीतून म्युलर, ऊर्ट आणि रेमाँ यांनी असे ढग, म्हणजे उच्चवेगी मेघ, पहिल्यांदा टिपले. २१ सेंमी तरंगलांबीवरची उदासीन (इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्या) हायड्रोजनची खूण नको तितक्या सरकलेल्या वेगावर दिसली. १९६६ मध्ये ऊर्ट यांनी संभाव्य उगमांची यादीच मांडली: जवळच्या अतिनवताऱ्यांची (स्फोट झालेल्या ताऱ्यांची) टरफले, गाभ्यातून फेकलेला वायू, छोट्या सोबती दीर्घिका, बाहेरून येऊन पडणारा वायू. शेवटचा पर्याय त्यांना जास्त पटला होता. आज ती यादी वाचताना जाणवते की त्यातले बरेचसे पर्याय अजून जिवंत आहेत, फक्त वेगवेगळ्या ढगांसाठी.

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो त्याचे कारण हिशोबाचे आहे. आकाशगंगेत दरवर्षी साधारण एक ते दोन सूर्यांइतके नवे तारे बनतात. तबकडीत आज जेवढा वायू आहे तेवढाच असता तर तो काही अब्ज वर्षांत संपला असता. तबकडी मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे आणि तारे अजून बनत आहेत. म्हणजे कुठून तरी भर पडते आहे.

२१ ऑगस्ट २०२४

आयनीभूत वायूच का, उदासीन का नाही, यावर आज बराच वेळ गेला. उत्तर संवेदनशीलतेत आहे. २१ सेंमीच्या संपूर्ण आकाशाच्या नकाशात एक चौरस सेंमीच्या स्तंभात हायड्रोजनचे साधारण दहाचा अठरावा घात इतके अणू असावे लागतात, तेव्हा कुठे खूण उमटते. हबलच्या अतिनील वर्णपटात सिलिकॉनचे दहाचा बारावा घात इतके आयन पुरतात. रेडिओत उच्चवेगी मेघ आकाशाच्या थोड्या भागात दिसतात. अतिनील किरणांत मात्र दूरच्या क्वेसारकडे (दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याकडे) पाहिले की निम्म्याहून बऱ्याच जास्त दिशांना वेगवान वायू आडवा येतो.

२००३ मध्ये सेम्बाख आणि सहकाऱ्यांनी फ्यूज या अतिनील उपग्रहाच्या निरीक्षणांतून १०२ दिशा तपासल्या. त्यांतल्या ५९ दिशांना पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन उच्च वेगावर दिसला. तोवर अनेकांच्या मनात उच्चवेगी मेघ म्हणजे हायड्रोजनचे थंड ढग असेच चित्र होते. या सर्वेक्षणाने ते मोडले.

लिहिण्याची पद्धत ठरवली: सिलिकॉन-२ म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला, सिलिकॉन-३ म्हणजे दोन, कार्बन-४ म्हणजे तीन, ऑक्सिजन-६ म्हणजे पाच. खगोलशास्त्रातली जुनी रीत आहे, सगळ्या वहीत तीच.

२ सप्टेंबर २०२४

दिशा निवडल्या. मोजक्याच घ्यायच्या आणि प्रत्येकीचा खोलात अभ्यास करायचा, असे मॅडमचे म्हणणे. यादी: पीजी १२५९+५९३ (याच्या समोर कॉम्प्लेक्स-सी हा प्रचंड मेघ आहे), पीडीएस ४५६ (आकाशगंगेच्या गाभ्याजवळची दिशा), फेअरॉल ९ (समोर मॅगेलन प्रवाह, दोन सोबती दीर्घिकांनी मागे सांडलेला वायू), पीकेएस २१५५-३०४ आणि मार्केरियन ५०९. याशिवाय एम-५ या गोलाकार तारकागुच्छातला झेडएनजी-१ हा तारा. तो क्वेसार नाही, आपल्याच आकाशगंगेतला आहे. आमच्या कामात त्याचे मोल त्यामुळेच जास्त, ते पुढे येईल.

हबलवर २००९ च्या मे महिन्यात अंतराळवीरांनी कॉस हा वर्णपटमापक बसवला आणि त्याच फेरीत बंद पडलेला दुसरा वर्णपटमापक, स्टिस, दुरुस्त केला. कॉस फिकट क्वेसार पाहतो पण वेगाचा तपशील साधारण १५ ते २० किमी/से इतकाच देतो. स्टिस ६-७ किमी/से पर्यंत जातो, मात्र त्याला उजळ स्रोत लागतो.

१४ सप्टेंबर २०२४

आजचा दिवस रेषांच्या शेजाऱ्यांचा. प्रत्येक आयन ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि वर्णपटात तिथे खाच पडते, तीच त्याची रेषा. वायूला वेग असला की खाच सरकते: वजा वेग म्हणजे आपल्याकडे येणारा, अधिक म्हणजे दूर जाणारा. पुढे कुणी हे काम हाती घेतले तर त्याला उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहिते.

पीडीएस ४५६ चा वर्णपट मांडल्यावर मृणाल एकदम म्हणाली, "अगं, ही बघ, कार्बन-२ मध्ये अडीचशेच्या पुढे केवढी खोल खाच!" खाच खरीच होती, पण +२६४ किमी/से च्या आसपास कार्बन-२ मध्ये काही दिसले की आधी थांबायचे. कार्बन-२ ची मुख्य रेषा १३३४.५३ अँगस्ट्रॉमला (हे तरंगलांबीचे एकक), आणि किंचित उत्तेजित अवस्थेतल्या त्याच आयनची रेषा १३३५.७१ ला. हा फरक वेगात मांडला तर २६४ किमी/से होतो. तबकडीतला अगदी शांत वायूसुद्धा तिथे "वेगवान" खाच पाडतो. पीडीएस ४५६ मध्ये पंचाईत अशी की खरा वेगवान घटकही +२५० ला आहे. तो सिद्ध करायला दुसऱ्या आयनांकडेच जावे लागते.

सिलिकॉन-२ च्या १२६०.४२ च्या रेषेचेही तसेच. तिच्या डाव्या हाताला १२५९.५२ ला गंधक-२ ची रेषा आहे. सिलिकॉनच्या मोजपट्टीवर ती −२१५ किमी/से ला पडते. फ्यूजच्या वर्णपटात ऑक्सिजन-६ च्या १०३१.९३ जवळ रेणवीय हायड्रोजनच्या रेषा दोन्ही बाजूंना बसल्या आहेत, त्यांतली एक −२१४ च्या जवळपास. नकारात्मक वेग शोधणाऱ्याला दोनशेच्या पुढच्या या पट्ट्यात दोन्हीकडून अडथळा.

तिसरा त्रास क्वेसार आणि आपण यांच्या मधल्या आंतरदीर्घिकीय हायड्रोजनचा. त्याची लायमन-अल्फा रेषा विश्वाच्या प्रसरणामुळे लांब तरंगलांबीकडे सरकते आणि कुठेही येऊन बसते. मात्र ती १२१५.६७ च्या डावीकडे कधीच जाणार नाही. सिलिकॉन-३ ची रेषा १२०६.५० ला आहे, म्हणजे या गोंधळातून सुटलेली; तिथे फक्त जास्त दूरच्या वायूची लायमन-बीटा किंवा धातूंच्या रेषा येऊ शकतात. आणि क्वेसार जितका जवळचा तितका उरलेला वर्णपट स्वच्छ. पीकेएस २१५५-३०४ चे ताम्रसरण (प्रसरणामुळे प्रकाश किती सरकला त्याचे माप) ०.११६, त्यामुळे १३५७ अँगस्ट्रॉमच्या पुढे लायमन-अल्फाची भीतीच नाही आणि कार्बन-४ च्या १५४८ आणि १५५१ च्या जोडरेषा निर्धास्त वाचता येतात. मार्केरियन ५०९ तर त्याहून जवळ.

नियम केला: एकाच वेगावर निदान दोन वेगवेगळ्या आयनांत खाच दिसली तरच तो घटक वहीत चढवायचा.

२८ सप्टेंबर २०२४

कॉसची तरंगलांबीची मोजपट्टी काही ठिकाणी १०-१५ किमी/से ने सरकलेली असते. प्रत्येक दिशेला एचआय-फोर-पीआय सर्वेक्षणातला (जर्मनीचे एफेल्सबर्ग आणि ऑस्ट्रेलियाचे पार्क्स) हायड्रोजनचा आलेख शेजारी ठेवून शून्य जुळवले. कंटाळवाणे काम, पण संपले.

१० ऑक्टोबर २०२४

आज वेगांची दुसरी मोजणी केली आणि दोघींचेही डोळे उघडले.

आपण वेग मोजतो तो सूर्याच्या परिसराच्या सापेक्ष. पण सूर्याचा परिसरच आकाशगंगेभोवती साधारण २२० किमी/से ने फिरतो आहे. ज्या दिशेने आपण जातो त्या दिशेचा, जागेवर थांबलेला वायूही आपल्याकडे धावत आल्यासारखा भासतो. दिशेप्रमाणे हा भाग काढून टाकला की उरतो तो आकाशगंगेच्या केंद्राच्या मानाने असलेला वेग.

पीजी १२५९+५९३ च्या समोर कॉम्प्लेक्स-सी −१३० किमी/से ला दिसतो. या दिशेला दुरुस्ती +१०० येते. उरले −३०. ज्या ढगाला आम्ही इतके दिवस कोसळणारा म्हणत होतो, त्याचा दृष्टिरेषेतला वेग आकाशगंगेच्या मानाने एवढासाच. मार्केरियन ५०९ समोरचा −३०० चा घटक −१८८ होतो. पीकेएस २१५५-३०४ समोर दोन घटक आहेत, −१४० आणि −२७०; दुरुस्ती फक्त +४१, म्हणून ते −९९ आणि −२२९ राहतात.

आणि हाही वेग फक्त आपल्या नजरेच्या रेषेतला. आडवा वेग वर्णपटात दिसतच नाही. "नकारात्मक वेग म्हणजे आत येणारा वायू, म्हणजे बाहेरून आलेला वायू" अशी साखळी वाचनात वारंवार येते. तिची पहिलीच कडी कच्ची आहे. वेग पाहून ढग शोधता येतो, त्याचे मूळ ठरवता येत नाही.

२४ ऑक्टोबर २०२४

अंतर. माझ्या मते सगळ्या प्रकल्पाची किल्ली इथे आहे.

क्वेसारच्या प्रकाशात खाच दिसली की एवढेच कळते की वायू त्याच्या आणि आपल्या मध्ये कुठेतरी आहे. हे "मध्ये" म्हणजे कोट्यवधी प्रकाशवर्षे. पण खाच जर आपल्याच आकाशगंगेतल्या, अंतर माहीत असलेल्या ताऱ्याच्या वर्णपटात दिसली, तर ढग ताऱ्याच्या अलीकडे आहे हे निर्विवाद. लेनर आणि हाउक यांनी २०११ मध्ये नेमके हेच केले. तबकडीपासून दूर असलेले, अंतर माहीत असलेले तारे निवडले आणि त्यांच्यासमोर किती वेळा वेगवान आयनीभूत वायू दिसतो ते मोजले. सुमारे निम्म्या ताऱ्यांसमोर तो दिसला. ९० ते १७० किमी/से या पट्ट्यात हे प्रमाण क्वेसारांसमोरच्या प्रमाणाच्या जवळपास जाते. म्हणजे या पट्ट्यातला बहुतेक वायू ताऱ्यांच्या अलीकडे, सूर्यापासून काही दशसहस्र प्रकाशवर्षांच्या आत आहे. १७० च्या वरचे घटक मात्र ताऱ्यांसमोर जवळजवळ मिळालेच नाहीत. ते पलीकडे असणार.

अंतराने काय बदलते? ढगाचे वस्तुमान अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यांच्या हिशोबात अंतर १२ किलोपार्सेक, म्हणजे साधारण ३९ हजार प्रकाशवर्षे धरले, तर या वायूचे वस्तुमान सुमारे ११ कोटी सूर्य होते आणि तो वर्षाला ०.८ ते १.४ सूर्य या दराने तबकडीला मिळू शकतो. ताऱ्यांच्या निर्मितीला लागणाऱ्या वायूच्या बरोबरीचा आकडा. तेच ढग दहापट दूर मानले की वस्तुमान शंभरपट, ११०० कोटी सूर्य. त्याच खाचा, तेच आयन, तेच वर्णपट. एकात तो तबकडीचा रोजचा शिधा, दुसऱ्यात दीर्घिकांच्या स्थानिक समूहात विखुरलेला आदिम साठा. २००० च्या आसपास दुसऱ्या बाजूचे म्हणणारे नावाजलेले गट होते, आणि त्यांचे वर्णपट चुकीचे नव्हते. त्यांच्याजवळ अंतर नव्हते.

म्हणून आमच्या तक्त्यात अंतराचा रकाना पहिला ठेवला. मृणालला आधी ते पटेना, तिचा भर रासायनिक घटकांवर. दोघींचा वाद मॅडमपुढे गेला. त्या म्हणाल्या, "दोन्ही ठेवा, पण ज्या ढगाला अंतर नाही त्याचे वस्तुमान लिहायचे नाही." मान्य.

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिली बैठक. एम-५ मधला झेडएनजी-१.

तारा २४-२५ हजार प्रकाशवर्षांवर, तबकडीपासून सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे वर. दिशा आतल्या आकाशगंगेच्या वरची. त्याच्यासमोर −१४० आणि −११० किमी/से ला आयनीभूत वायू आहे. वेगाचा भ्रम इथे फारसा नाही, कारण दुरुस्ती फक्त १० किमी/से. वायू खरोखर आपल्या बाजूला येतो आहे. जुन्या पद्धतीने कुणीही म्हणेल, बाहेरून पडणारा.

पण २००८ मध्ये झेक आणि सहकाऱ्यांनी या ढगातल्या ऑक्सिजनचे हायड्रोजनशी प्रमाण काढले. ते सूर्यापेक्षाही जास्त निघाले, सुमारे दीडपटीहून थोडे वर. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळ्यांना धातू म्हणतात, आणि धातू ताऱ्यांच्या पोटातच बनतात. दीर्घिकांच्या बाहेरचा, ताऱ्यांनी न स्पर्शलेला वायू इतका श्रीमंत असूच शकत नाही. हा वायू आतल्या तबकडीतूनच अतिनवताऱ्यांच्या जोराने वर उडालेला असणार.

१९७६ मध्ये शपिरो आणि फील्ड यांनी "दीर्घिकीय कारंजे" मांडले होते: अतिनवतारे वायू तापवून वर उडवतात, तो वर थंड होतो आणि परत पडतो. एम-५ ची दिशा पाहिली की ते डोळ्यांसमोर उभे राहते. इथे अंतर आणि धातू दोन्ही हातात आहेत, म्हणून निकाल इतका स्वच्छ.

ऑक्सिजन निवडण्याचे कारण टिपून ठेवते. उदासीन ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा आयनीभवनाचा उंबरठा जवळजवळ सारखा, १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचे एकक), आणि दोघे एकमेकांत विद्युतभाराची देवाणघेवाण करतात. त्यामुळे ढग बराचसा आयनीभूत असला तरी दोघांचे गुणोत्तर विश्वासाने वापरता येते. सिलिकॉनचे तसे नाही. तिथे क्लाउडी या संगणकप्रणालीतून आयनीभवनाचे प्रतिमान करावे लागते, आणि प्रतिमानात घातलेल्या प्रारणाचा अंदाज बदलला की उत्तरही सरकते.

३० नोव्हेंबर २०२४

ऑक्सिजन-६ ने आठवडा खाल्ला, पण फळ मिळाले.

पाचवा इलेक्ट्रॉन काढायला ११३.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. उष्ण ताऱ्यांचा प्रकाश ५४.४ च्या वर, जिथे हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन निघतो, झपाट्याने मंदावतो. म्हणजे ताऱ्यांच्या प्रकाशाने सिलिकॉन-३ बनेल, ऑक्सिजन-६ नाही. क्वेसारांच्या पार्श्वप्रकाशाने बनवायचा म्हटला तर वायू इतका विरळ धरावा लागतो की ढगाची जाडी आकाशगंगेच्या प्रभामंडलाहूनही (तबकडीभोवतीच्या विरळ वायूच्या आवरणाहूनही) मोठी निघते. उरते टक्करीने आयनीभवन, साधारण ३ लाख केल्विन तापमानाला. हे तापमान अवघड आहे: त्यातला वायू फार भरभर थंड होतो, टिकत नाही. तो सतत नव्याने तयार व्हायला हवा.

कुठे? १९५६ मध्ये लायमन स्पिट्झर यांनी तर्क केला होता की तबकडीपासून उंचावरचे ढग विरून जात नाहीत, म्हणजे त्यांना दाबून धरणारा, दहा लाख अंशांचा विरळ वायू सभोवती असला पाहिजे. त्या तप्त प्रभामंडलातून थंड ढग वेगाने जाताना त्याच्या पृष्ठभागावर दोन्ही वायू मिसळतात, आणि मधल्या तापमानाचा पातळ थर बनतो. ऑक्सिजन-६ तिथला. स्पिट्झर यांनी तो तर्क केला तेव्हा अवकाशात एकही दुर्बीण नव्हती. दूरच्या काही ताऱ्यांच्या वर्णपटातल्या कॅल्शियम आणि सोडियमच्या रेषांवरून त्यांनी हे ओळखले, याचे मला फार अप्रूप वाटते.

आमच्या प्रश्नाला याचा अर्थ असा: एकाच ढगात सिलिकॉन-२ आणि ऑक्सिजन-६ एका वेगावर दिसले, तरी ते एका जागचे नाहीत. आतला थंड भाग ढगाचे मूळ सांगतो, बाहेरचा थर त्याच्या प्रवासाचे वर्तमान. ऑक्सिजन-६ वरून उगम ठरवायचा नाही.

२१ डिसेंबर २०२४

पीडीएस ४५६. गाभ्यापासून थोड्याच अंशांवरची दिशा. २०१० मध्ये सू, स्लेटर आणि फिंकबाइनर यांनी फर्मी उपग्रहाच्या गॅमा किरणांत आकाशगंगेच्या केंद्राच्या वर-खाली दोन अवाढव्य बुडबुडे शोधले, प्रत्येक सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे उंच. पीडीएस ४५६ चा प्रकाश वरच्या बुडबुड्यातून येतो.

आमच्या मांडणीत −२३५ आणि +२५० दोन्ही दिसले. +२५० साठी कार्बन-२ वर विसंबलो नाही (१४ सप्टेंबरची नोंद), सिलिकॉनच्या रेषांवर घेतला. २०१५ मध्ये फॉक्स आणि सहकाऱ्यांनी हेच दोन वेग प्रसिद्ध केले. एकाच दिशेला एक घटक येतो आहे, दुसरा जातो आहे: फुगत जाणाऱ्या बुडबुड्याची जवळची आणि पलीकडची भिंत. त्यांच्या प्रतिमानात गाभ्यातून निघणारा वारा ९०० किमी/से च्या पुढे जातो. २०१७ मध्ये बोर्दोलोई आणि सहकाऱ्यांनी उत्तरेकडच्या बुडबुड्यातल्या आणखी दिशा जोडून या वाऱ्याचे वय ६० ते ९० लाख वर्षे आणि त्यातल्या थंड वायूचे वस्तुमान २० लाख सूर्य असे काढले.

हा उगम तर निकालात निघाला असे वाटत असताना २०२२ चा ॲशली आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध वाचला. बुडबुड्यांच्या प्रदेशातल्या ढगांत धातूंचे प्रमाण सूर्याच्या एक पंचमांशापासून तिपटीच्या वरपर्यंत. गाभ्यातूनच सगळे आले असते तर सगळे श्रीमंत असते. काही ढग आधीपासून प्रभामंडलात होते आणि वारा त्यांच्यावर येऊन आदळला. एकाच बुडबुड्यात दोन घराणी.

११ जानेवारी २०२५

स्मिथ मेघ. आमच्या दिशांत नाही, पण वाचल्याशिवाय पुढे जाता येईना. १९६३ मध्ये गेल स्मिथ यांनी शोधलेला, सुमारे ४० हजार प्रकाशवर्षांवर, उदासीन हायड्रोजनच दहा लाख सूर्यांहून जास्त आणि जवळपास तितकाच आयनीभूत. २००८ मध्ये लॉकमन आणि सहकाऱ्यांनी ग्रीन बँक दुर्बिणीतून त्याचा मार्ग काढला: सुमारे तीन कोटी वर्षांत तो तबकडीवर आदळेल. बाहेरून येणाऱ्या वायूचे आदर्श उदाहरण म्हणून सगळीकडे त्याचा दाखला दिला जाई. मग २०१६ मध्ये गंधकाचे प्रमाण मोजले गेले. सूर्याच्या निम्मे. आदिम वायूसाठी हे फार जास्त आहे. तबकडीच्या बाहेरच्या भागातून निघालेल्या, किंवा निदान तबकडीचा वायू मिसळलेल्या ढगाला ते शोभते.

कॉम्प्लेक्स-सी चे उलट. अंतर साधारण ३३ हजार प्रकाशवर्षे, धातू सूर्याच्या एक दशांश ते तीन दशांश. कमी धातू, म्हणून बाहेरचा, हे सरळ उत्तर. पण २०१५ मध्ये फ्राटेर्नाली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तबकडीतून सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी उडालेल्या थोड्या वायूवर प्रभामंडलातला बराच वायू थंड होऊन जमला, तरी हेच प्रमाण आणि हाच वेग येऊ शकतो. मृणालने फळ्यावर दोन्ही पर्याय मांडले आणि मध्ये रेघ मारली नाही. मला ते योग्य वाटले. "बाहेरचा की आतला" असा प्रश्नच या ढगाला लागू पडत नसेल: ठिणगी आतली, बहुतेक वायू बाहेरचा.

१ फेब्रुवारी २०२५

फेअरॉल ९, मॅगेलन प्रवाह. +१४० ते +२२० किमी/से.

उगमाबद्दल इथे मुळात वाद कमी: मोठा आणि छोटा मॅगेलन मेघ या दोन सोबती दीर्घिकांनी एकमेकींतून आणि आकाशगंगेजवळून जाताना मागे सांडलेला वायू. पण २०१३ च्या मोजणीत फेअरॉल ९ समोर धातू सूर्याच्या निम्मे निघाले आणि प्रवाहात इतर ठिकाणी एक दशांशच. म्हणजे प्रवाहात किमान दोन धारा आहेत. गरीब धार छोट्या मेघाची, श्रीमंत धार मोठ्या मेघाची असावी. २०१४ च्या हिशोबानुसार या सगळ्या पसाऱ्यात आयनीभूत वायू उदासीनच्या तिप्पट आहे, मिळून दोनशे कोटी सूर्य, तेही प्रवाह मॅगेलन मेघांच्याच अंतरावर धरून. तो आणखी दूर असेल तर जास्त. २०२२ मध्ये कृष्णराव आणि सहकाऱ्यांनी २८ क्वेसारांच्या दिशा वापरून दाखवले की मोठ्या मॅगेलन मेघाला स्वतःचे उष्ण प्रभामंडल आहे, लाखभर प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले. उद्या तेही आकाशगंगेच्या पदरात पडणार.

रेडिओ नकाशात जो प्रवाह दिसतो तो या वायूचा लहानसा भाग आहे, हे मी अहवालात पहिल्याच पानावर लिहिणार.

१६ फेब्रुवारी २०२५

येणे आणि जाणे यांचा ताळेबंद. फॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हबलच्या संग्रहातल्या उच्चवेगी मेघांचा वेग आकाशगंगेच्या मानाने मांडून आत येणारे आणि बाहेर जाणारे वेगळे केले (मॅगेलन प्रवाह आणि फर्मी बुडबुडे सोडून). आत येणारा वायू वर्षाला सुमारे अर्धा सूर्य, बाहेर जाणारा सुमारे ०.१६ सूर्य. आत येणे जड. पण आत येणाऱ्यात कारंज्याचा परतीचा वायूही आहे, म्हणजे हा सगळा नवा पुरवठा नव्हे. या फरकाकडे आम्ही दोघी अहवालात मुद्दाम लक्ष वेधणार आहोत.

१ मार्च २०२५

उरलेली दोन नावे: पीकेएस २१५५-३०४ आणि मार्केरियन ५०९.

पीकेएस समोर −१४० आणि −२७० या दोन्ही वेगांना सिलिकॉन-३, कार्बन-४ आणि ऑक्सिजन-६ आहेत. हायड्रोजन इतका कमी की २१ सेंमीच्या सर्वसाधारण नकाशात काहीच नाही. १९९९ मध्ये सेम्बाख आणि सहकाऱ्यांनी या ढगांना फार विरळ, दूरचे, बाहेरच्या प्रारणाने आयनीभूत झालेले मानले. २००४ मध्ये कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी त्याच दिशांत अनेक तापमानांचा वायू दाखवला आणि प्रभामंडलात कोसळणाऱ्या ढगांकडे बोट दाखवले. शिवाय ही दिशा दक्षिणेकडच्या फर्मी बुडबुड्याच्या टोकाजवळ जाते. तीन उगम, तिन्ही शक्य.

आमची स्वतःची भर इथे थोडीशी आहे. लेनर-हाउक यांची १७० ची सीमारेषा लावली तर −१४० चा घटक जवळच्या गटात बसतो आणि −२७० चा दूरच्या. शेजारी दिसणाऱ्या, सारखेच आयन असलेल्या या दोन ढगांत प्रत्यक्षात प्रचंड अंतर असू शकते. बहुतेक लेख त्यांना जोडी म्हणून वागवतात. आम्ही तक्त्यात त्यांच्या दोन ओळी केल्या. मार्केरियन ५०९ चा −३०० दूरच्या गटात. ही संख्याशास्त्रीय शक्यता आहे, मोजलेले अंतर नाही, हेही त्याच ओळीत.

मॅडमनी तक्ता वाचला. "उगमाचा रकाना इथे रिकामा का?" मृणाल म्हणाली, "मॅडम, अंतर नाही, आणि धातू प्रतिमानावर अवलंबून आहेत." त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा, आणि अंतर कसे मिळेल तेही लिहा."

तर असे. पीकेएस २१५५-३०४ च्या काही अंशांच्या परिसरात नील क्षैतिज शाखेतले (गाभ्यात हेलियम जाळणारे जुने, तप्त) तारे शोधायचे. त्यांची मूळ तेजस्विता ठाऊक असते, त्यामुळे अंतर निघते, आणि ते अतिनील किरणांत पुरेसे उजळ असतात. वेगवेगळ्या अंतरांवरचे निदान तीन-चार हवेत. जवळच्या ताऱ्यासमोर खाच नाही आणि दूरच्यासमोर आहे, असे झाले तर ढग दोघांच्या मध्ये. एका ताऱ्यासमोर न दिसण्यावर मात्र काही ठरवायचे नाही, कारण हा वायू तुकड्यातुकड्यांत आहे आणि तारा एखाद्या फटीतून दिसत असू शकतो. आधी संग्रहात कुणी असे तारे आधीच पाहिले आहेत का ते चाळायचे. गाया उपग्रहाच्या यादीतून उमेदवार काढायचे काम मृणालकडे, संग्रहाची चाळणी माझ्याकडे. यादी मॅडमना पंधरा तारखेपर्यंत.